‘हो, पण’मधला ‘पण’

धर्मांच्या तौलनिक अभ्यासात मी सुवार्तावादी (इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि येशूवरची वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणारा) ख्रिस्ती विचार हा विषय घेतला, तेव्हा पहिला निबंध एका दमात लिहून टाकला: हे लोक बाकीचे सगळे धर्म खोटे मानतात, संपलं. निबंध परत आला. समासात एकच ओळ होती, ‘सत्याबद्दल म्हणताय की तारणाबद्दल?’

पुढचं अख्खं सत्र त्या ओळीने खाल्लं. दुसऱ्या धर्मात काही खरं सापडतं का, हा एक प्रश्न; त्या धर्माने तारण होतं का, म्हणजे पापापासून सुटका मिळते का, हा दुसरा. पहिल्याला बरेच सुवार्तावादी ‘हो’ म्हणतात. जगभरच्या सुवार्तावाद्यांनी मांडलेला 1974चा लोझान करारनामा काढून बघा. त्याच्या मसुद्यात इंग्लंडचे सुवार्तावादी धर्मगुरू जॉन स्टॉट यांचा मोठा वाटा होता. निसर्गातून प्रत्येकाला देवाची थोडीफार ओळख होते, असं तो मानतो. याला सामान्य प्रकटीकरण म्हणतात. पण तेवढ्याने तारण होत नाही, हेही तो लगेच बजावतो. हा ‘पण’ नवख्याच्या नजरेतून हमखास निसटतो.

अनन्यवाद (तारण फक्त ख्रिस्तावरच्या श्रद्धेने), समावेशवाद (तारण ख्रिस्तामुळेच, पण इतर धर्मीयांपर्यंतही पोचू शकतं), बहुत्ववाद (अनेक धर्म तारणाचे मार्ग) ही धर्मतज्ज्ञ ॲलन रेस यांची 1983ची विभागणी परीक्षेला लागतेच, ती पाठ होईल. त्याआधी बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचा. चौथ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र ठणकावतो की येशूशिवाय दुसऱ्या कोणाच्या नावाने तारण नाही. सतराव्यात प्रेषित पौल अथेन्समधल्या मूर्ती पाहून संतापतो, तरी भाषणाची सुरुवात करतो ती ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीपासून. वर त्यांच्याच कवीचा दाखलाही देतो! दोन्ही अध्याय लागोपाठ वाचले तेव्हा कुठे मला माझा निबंध का फसला ते उमगलं.

सुवार्तावाद्यांच्या घरातलं खरं भांडण वेगळंच आहे: ज्यांच्या कानावर येशूचं नाव कधी पडलंच नाही, त्यांचं काय? दहाव्या अध्यायातला रोमी अधिकारी कर्नेल्य इथे दोन्ही बाजू आपल्याकडे ओढतात: येशूबद्दल ऐकण्याआधीच तो देवभीरू होता, असं एक बाजू म्हणते; तरी पेत्राला त्याच्याकडे जाऊन येशूबद्दल सांगावं लागलंच, असं दुसरी. कॅनडाचे सुवार्तावादी धर्मतज्ज्ञ क्लार्क पिनॉक यांनी 1992मध्ये अशांसाठी आशेला जागा ठेवली आणि टीका ओढवून घेतली. तारण ख्रिस्तामुळेच, हे मात्र त्यांनीही सोडलं नाही. स्टॉट यांनी इथे ठाम उत्तर देण्याचं टाळलं. मला ते प्रामाणिक वाटतं.

मुलाखती घ्यायच्या असतील तर ‘इतर धर्मांबद्दल काय वाटतं?’ असं मोघम विचारू नका, पाठ केलेलं उत्तर मिळतं. दोन्ही प्रश्न सुटे विचारा, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या.