पीएचपी: पोराचा कन्स्ट्रक्टर लिहिताना बापाला हाक मारा

पीएचपी मशीनवर चालू आहे आणि क्लास म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून चालतो.

उदाहरण आपल्याकडचंच, मालाच्या पावतीचं. आधी 'माल' हा क्लास करा. त्याच्या कन्स्ट्रक्टरात, म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनात, वजन आणि भाव घेऊन प्रॉपर्टीत ठेवा. रक्कम काढणारं फंक्शनही इथेच. मग 'केळी' क्लास, पुढे एक्स्टेंड्स माल; म्हणजे माल हा बाप (पेरेंट), केळी पोर. केळीला स्वतःचा कन्स्ट्रक्टर नसेल तर मालाचाच वापरला जातो, काही करावं लागत नाही.

घोळ इथून पुढे. ट्रक नंबर हवा म्हणून केळीला वेगळा कन्स्ट्रक्टर दिलात, की मालाचा आपोआप चालणं बंद. आणि पीएचपी चकार शब्द काढत नाही. जावास्क्रिप्ट परवडली, पोराच्या कन्स्ट्रक्टरात सुपर (बापाचा कन्स्ट्रक्टर) न बोलावता धिसला (बनणाऱ्या ऑब्जेक्टला) हात लावला की तिथेच एरर फेकते. रावेरकडच्या एका व्यापाऱ्याला मी असंच करून दिलं होतं. पहिल्या पावतीवर ट्रक नंबर बरोबर, वजनाची जागा कोरी, रक्कम ० रुपये. "का भो, केळी फुकट वाटायला काढली का?" रिकाम्याला रिकाम्याने गुणलं की पीएचपीत मुकाट शून्य येतं. मी रात्रभर गुणाकारातच चूक शोधत बसलो.

म्हणून केळीच्या कन्स्ट्रक्टरची पहिली ओळ ठरलेली: पेरेंट, दोन कोलन, दोन अंडरस्कोर, कन्स्ट्रक्ट, कंसात वजन आणि भाव. ट्रक नंबर त्याखाली. 'मालातल्या ओळी कॉपी करून केळीत टाका' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. उद्या मालात हमाली धरायची झाली की केळी, कापूस, नंदुरबारची मिरची, सगळीकडे हात घाला; त्यात एक राहतेच.

कन्स्ट्रक्टर लिहितानाही अंडरस्कोर दोनच. एक गळला तर ते साधं फंक्शन होतं, कोणी बोलावत नाही. क्लासच्याच नावाचं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर, असं शिकवणारे जुने धडे फेकून द्या. ही अंडरस्कोरवाली पद्धत पीएचपी ५ ने २००४ मध्ये आणली आणि जुनी २०२० च्या पीएचपी ८ मध्ये बंद झाली.

पीएचपी ७.४ पासून प्रॉपर्टीला टाइप लावता येतो. वजन, भाव दोन्हींना फ्लोट (दशांश आकडा) लावाच. मग पेरेंट विसरलात तर रक्कम काढतानाच प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, शून्याची पावती छापत नाही.

तपासायला १० क्विंटल, १५०० भाव टाका. १५००० आलं की ट्रक सोडा.