स्पीकरच्या खोक्यांना टेक्स्चर कोटिंग : या चुका टाळा

बडोद्यात अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले की घटस्थापनेपर्यंत जेमतेम पंधरवडा हाताशी राहतो. २०२५ साली ६ सप्टेंबर ते २२ सप्टेंबर, एवढाच. सोसायटीच्या गरब्यासाठी घरीच स्पीकर बांधणाऱ्यांचं रंगकाम नेमकं याच पितृपक्षात येऊन पडतं आणि हवेतला दमटपणा तेव्हा पुरता गेलेला नसतो. मग तक्रारी सुरू होतात: फोड आले, कडा उघड्या पडल्या, खोके एकमेकांना चिकटले.

यातलं शेवटचं दुखणं सगळ्यात महाग पडतं, म्हणून आधी तेच घेऊ.

सुकलं म्हणजे पिकलं नाही

स्पीकरच्या खोक्यांवर लावायची ड्युराटेक्स, वॉर्नेक्ससारखी दाणेदार कोटिंगं पाण्यात मिसळणारी असतात. रोलर फिरवला की आधी पाणी उडतं. मग राळेचे बारीक कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो, आणि ते मिसळावेत म्हणून घातलेला मंद द्राव नंतर कितीतरी दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. तास-दोन तासांत बोटाला रंग लागत नाही, एवढ्यावर खूश होऊन खोके एकावर एक रचले की वजनाने आणि उबेने दोन्ही थर एकजीव होतात. सकाळी वरचा खोका उचलावा तर खालच्याचं कोटिंग सोबत सोलून येतं. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवणं त्याहून वाईट, कारण बाहेर पडणाऱ्या ओलीला वाटच उरत नाही. टेम्पोत दोरी आवळली तर तिचे वळ कायमचे उमटतात.

डब्यावर लिहिलेले सुकण्याचे तास नीट वाचा. ते बहुधा साधारण २५ अंश तापमान आणि मध्यम दमट हवा धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे सप्टेंबरात ते सरळ दुप्पट धरावेत, हा माझा हिशेब. पूर्ण कडकपणा यायला मात्र आठवडे लागतात, तेव्हा तारीख पाहण्यापेक्षा परीक्षा घ्या. प्लायच्या दोन तुकड्यांना खोक्यांबरोबरच तेवढेच हात द्या. काही दिवसांनी त्यांच्या रंगीत बाजू समोरासमोर ठेवून वर रात्रभर वजन ठेवा. सकाळी तुकडे अलगद सुटले, नख रोवल्यावर खूणही उमटली नाही, तर खोके रचायला हरकत नाही. क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारं सर्किट) आणि वायरिंगसाठी राखून ठेवलेले दिवस या प्रतीक्षेत घाला. कोटिंग आधी, सोल्डरिंग नंतर.

फोड का येतात

गच्चीवर उन्हात खोके वाळत घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. ऊन लागलं की वरची साय पटकन धरते आणि पाणी आत अडकतं. शिवाय लाकूड तापलं की त्याच्या छिद्रांतली हवा फुगून ओल्या थराखालून वर येते आणि बुडबुडे उठतात. म्हणून खोका सावलीत थंड होऊ द्या आणि संध्याकाळकडे, तापमान उतरत असताना रंगवा. खिडक्या बंद करून रंगवू नका. बंद खोलीत रंगातलंच पाणी हवेत साचून राहतं. पंखा हवा फिरवण्यापुरता लावा, झोत थेट खोक्यावर नको.

दुसरा हात घाईने मारला तरी हेच होतं. पहिला थर मनगटाच्या आतल्या बाजूला गार लागत असेल, तर तो अजून ओला आहे.

टू-के पॉलीयुरेथेन, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून लावायचं दोन भागांचं कोटिंग, वापरणाऱ्यांचं कारण वेगळं. त्यातल्या हार्डनरचं आयसोसायनेट ओलाव्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात टाचणीएवढी भोकं पडतात. ओल्या प्लायवर तर हे हमखास. आणि हे घरात स्प्रे करूच नका. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही.

कडा आणि सांधे

टोकदार कडेवरून ओला रंग मागे ओढला जातो आणि तिथला थर पातळ राहतो. लाकडाच्या कडा कोरणाऱ्या राऊटर यंत्राने निदान ३ ते ६ मिलिमीटरची गोलाई द्या. एमडीएफची (लाकडाच्या भुश्श्याच्या दाबलेल्या फळीची) कापलेली कड पाणी पिऊन फुगते, म्हणून तिला आधी सँडिंग सीलर किंवा प्रायमर पाजा आणि घासून घ्या. सांध्यांत भिंतीची पुट्टी भरू नका. लाकूड हललं की ती तडकते आणि तडा कोटिंगमधून वर दिसतो. लाकडात भरायची लांबी (वुड फिलर) किंवा गाड्यांच्या डेंटिंगची पुट्टी वापरा. टेक्स्चर बारीक ओरखडे झाकतं, वर-खाली बसलेला सांधा झाकत नाही. जुन्या सनमायकावर थेट रंग मारायचा असेल तर आधी पॉलिश पेपरने चमक पूर्ण घालवा.

दाणा हरवतो तो रोलरमुळे

रंग पसरावा म्हणून पाणी घालणाऱ्यांना शेवटी गुळगुळीत काळा खोका मिळतो. रोलरचा रंग घट्टच हवा. जाळीदार स्पंजाचा टेक्स्चर रोलर घ्या, लोकरी रोलर धागे सोडतो. डबा हलवू नका, काठीने ढवळा, म्हणजे हवा मिसळणार नाही. एका वेळी एकच, आडवी ठेवलेली बाजू भरा आणि शेवटी न दाबता एकाच दिशेने हलका रोलर ओढा. अर्धवट सुकलेल्या जागी परत रोलर फिरवला की दाणा फाटतो. दिसलेली उणीव दुसऱ्या हातात भरून निघते, तिला तेव्हा हात लावू नका.

जिथे रंग नकोच

ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा गोल स्पीकर, ज्या खाचेत बसतो, ती खाच झाकून ठेवा. दाणेदार पृष्ठावर गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) नीट बसत नाही, फटीतून हवा निसटते आणि बास वाजताना फुसफुस ऐकू येते. वायर जोडायच्या टर्मिनलच्या भोकाचंही तेच. टी-नटच्या (स्क्रूसाठी लाकडात ठोकलेल्या नटच्या) आट्यांत रंग गेला तर स्क्रू अडकतात. मास्किंग टेप रंग ओला असतानाच काढा. नंतर ओढली तर कडेचं कोटिंग फाटतं. स्पीकरच्या समोरच्या जाळीसाठी मोजमाप घेताना दोन्ही बाजूंच्या थराची जाडी धरा, नाहीतर जाळी बसताना कडा खरवडेल.

टेक्स्चरची डागडुजी सोपी असते, हे त्याचं मोठं सुख. फोड घासून सपाट करा, धूळ पुसा आणि रोलरच्या तुकड्याने टिपत-टिपत रंग लावून कडेला विरवत न्या. त्यासाठी त्याच डब्यातला थोडा रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.