एलएनजी-बायोगॅसचा ट्रक: फायदा हवेत उडवणाऱ्या या चुका टाळा

डिझेलच्या बिलाला वैतागून गॅसच्या गाडीकडे वळणारा मालक आधी अ‍ॅव्हरेज विचारतो. खरं तर आधी पाहायला हवं ते गाडी किती दिवस उभी राहते हे.

एलएनजी म्हणजे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. तो साधारण सहाशेपट कमी जागेत मावतो, म्हणून लांबचा पल्ला गाठता येतो. त्याची टाकी मोठ्या थर्माससारखी असते: दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी. तरीही बाहेरची उष्णता हळूहळू आत शिरतेच. थोडा द्रव उकळतो, दाब वाढतो. गाडी पळत असेल तर इंजिन गॅस ओढत राहतं आणि दाब आटोक्यात राहतो. काही दिवस उभी राहिली, की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पैसे मोजून भरलेला गॅस हवेत जातो.

गणपतीला ड्रायव्हर कोकणात आणि टाकी भरलेली गाडी बंद शेडमध्ये, ही सगळ्यात महागडी चूक. पैसे जातात ते वेगळेच, पण छताखाली साठलेल्या मिथेनला (नैसर्गिक वायूत मुख्यतः हाच असतो) एक ठिणगी पुरते. सुट्टी लागणार असेल तर टाकी भरू नका, गाडी उघड्यावर लावा आणि दाबाचा काटा रोज बघायला कुणाला तरी सांगून ठेवा. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. असा गॅस सोडणाऱ्या गाडीवर ‘पर्यावरणस्नेही’ लिहिण्यात काही राम नाही.

म्हणूनच रूट बघून इंधन ठरवा. मुंबई-नागपूरसारख्या लांबच्या, रोजच्या फेऱ्या असतील तर एलएनजी. न्हावा शेवा-भिवंडी करत रांगेत ताटकळणाऱ्या गाडीला सीएनजी बरा. तो द्रव नसतो, २०० बार दाबाने सिलिंडरमध्ये बंद राहतो, उकळून उडत नाही. सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) मात्र चुकवू नका.

वासावर विसंबणं ही दुसरी चूक. सीएनजीत वासासाठी रसायन घालतात. एलएनजीत ते घालता येत नाही, इतक्या थंडीत ते गोठतं. गळती झाली तर सेन्सरच सांगणार, आणि तो सारखा वाजतो म्हणून वायर काढून ठेवणारे महाभागही असतात! भरताना नोझलवर बर्फ जमणं नेहमीचंच. पण उभ्या गाडीच्या टाकीवर बाहेरून दव किंवा बर्फ दिसला तर पोकळीचा निर्वात गेला असं समजा आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिसला दाखवा. भरताना चप्पल, उघडे हात चालणार नाहीत; द्रवाचा थेंब कातडी जाळतो.

अ‍ॅव्हरेजचा घोळ छोटा, पण सगळीकडे आहे. गॅस किलोवर, डिझेल लिटरवर. एक किलो गॅसमध्ये एक लिटर डिझेलपेक्षा जास्त ऊर्जा असते, त्यामुळे आकडा आपोआप गोड दिसतो. हिशोब रुपये प्रति किलोमीटरच मांडा. पाइप टाकून डिझेल चोरणाऱ्यांना एलएनजीच्या टाकीत हात घालता येत नाही, हा फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये सापडत नाही.

आता बायोगॅस. ‘कचऱ्याचा गॅस इंजिन खातो’ ही भीती कच्च्या बायोगॅसबाबत खरी आहे. त्यात मिथेन ५०-६५ टक्केच असतो, शिवाय हायड्रोजन सल्फाइड धातूला गंज लावतो. पंपावरचा सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस, शुद्ध केलेला असतो. भारतीय मानकानुसार त्यात किमान ९० टक्के मिथेन लागतो. सीएनजीच्या ट्रकला तो काही बदल न करता चालतो. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा कुजून मिथेन तसाही निघतोच. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग मुंबईकर विसरलेले नाहीत. तोच वायू धरून इंजिनात जाळला तर दुहेरी कमाई. अट एकच, प्लांटपासून नोझलपर्यंत गळती नको.

शेवटी गॅरेजचं. ड्रममध्ये उरलंय म्हणून डिझेल इंजिनचं ऑइल गॅस इंजिनात ओतू नका, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. स्पार्क प्लग वेळेवर बदला. मिसफायर होत असताना, म्हणजे ठिणगी चुकून गॅस न जळताच बाहेर पडत असताना, ‘पुढच्या ट्रिपनंतर बघू’ म्हणालात, तर न जळलेला गॅस सायलेन्सरकडच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतो आणि प्लगच्या पैशांत सुटणारं काम कन्व्हर्टरच्या बिलावर जातं.