फ्रेम स्लायडर: निवड, बसवणी आणि गाडी पडल्यानंतरची तपासणी

मोटरसायकल उभ्या जागी कलंडली काय किंवा ओल्या वळणावर घसरली काय, रस्त्याला आधी टेकतात ती तिची बाहेर आलेली टोके: हँडलचे टोक, लिव्हर, फूटरेस्ट, आणि फेअरिंग (गाडीवरचे प्लॅस्टिकचे बाह्य कवच) असलेल्या गाडीत फेअरिंगचा फुगीर भाग. त्यामागोमाग इंजिनाच्या बाजूची झाकणे येतात. त्यांतले एखादे घासून त्याला भोक पडले, तर तेल रस्त्यावर सांडते आणि गाडी चालवत घरी नेण्याचा प्रश्नच उरत नाही. फ्रेम स्लायडर म्हणजे इंजिन जिथे फ्रेमला जोडलेले असते त्या बोल्टवर दोन्ही बाजूंना बसवलेले कडक प्लॅस्टिकचे ठोकळे. गाडी आडवी झाली की वजनाचा मोठा वाटा ठोकळ्यावर येतो, तो स्वतः झिजत घसरतो आणि महाग भाग वाचतात. समोरून बसलेल्या धडकेत मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि स्वाराच्या पायाचे संरक्षण हेही त्याचे काम नव्हे.

निवड करताना बहुतेकांचे लक्ष ठोकळ्याच्या रंगरूपाकडे असते. खरे तर ठोकळ्यामागे काय आहे हे आधी पाहावे. पडताना बसणारा सगळा मार शेवटी एका बोल्टवर आणि तो ज्या आट्यांत बसतो त्या जागेवर येतो. ठोकळा जितका लांब, तितका तो तरफेसारखे काम करतो. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच धक्क्याने बोल्टला वाकवणारा जोरही दुप्पट होतो. फार लांब स्लायडरमुळे फेअरिंग वाचते, पण इंजिनाचा ओतीव कान (बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग) तुटू शकतो किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा जाऊ शकतो, आणि तो सौदा फारच तोट्याचा. म्हणून लांबी गरजेपुरतीच असावी. गरज किती, हे एका सरळ काठीने तपासता येते. काठी स्लायडरच्या आणि फूटरेस्टच्या टोकांना टेकवून धरली असता इंजिनाचे झाकण तिच्या आत राहिले पाहिजे. तशीच ती हँडलच्या आणि स्लायडरच्या टोकांना टेकवली असता टाकी आणि फेअरिंग आत राहिले पाहिजे.

ठोकळा अ‍ॅसिटल म्हणजे डेल्रिन, नायलॉन किंवा तत्सम घट्ट प्लॅस्टिकचा असावा, कारण ही द्रव्ये डांबरावर अडकण्यापेक्षा घसरतात. बोल्टचे डोके ठोकळ्यात खोल बुडालेले असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ते वरच असेल, तर थोड्याशा झिजेनंतर पोलाद रस्त्याला लागते. त्याहून कमी लोक पाहतात ती गोष्ट म्हणजे ठोकळ्यातून आरपार जाणारी धातूची नळी. बोल्टचा ताण या नळीने घेतला पाहिजे. नळी नसेल तर ताण थेट प्लॅस्टिकवर येतो, प्लॅस्टिक काळानुसार दबत जाते आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल पडतो. हा बोल्ट इंजिनही धरून ठेवत असल्यामुळे अशा किटकडे मी पाहणारही नाही. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा ताकदीचा आकडा असावा आणि आट्यांत शिरणारी त्याची लांबी मूळ बोल्टपेक्षा कमी नसावी.

काही गाड्यांत स्लायडर बसवण्यासाठी फेअरिंगला भोक पाडावे लागते, तर काही किटमध्ये वळसा घेणारी पट्टी देऊन ते टाळलेले असते. पट्टीमुळे ठोकळा बोल्टच्या रेषेतून बाजूला सरकतो आणि पट्टी वाकण्याचा धोका वाढतो, हे माहीत असूनच ती घ्यावी. पट्टी दोन बोल्टांवर बसत असेल तर ते अधिक बरे.

बसवताना इंजिन थंड असावे आणि गाडी स्टँडवर सरळ उभी असावी. इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकने हलका आधार द्यावा. सायलेन्सरचा पाइप खालून जात असेल, तर जॅक त्याला टेकवू नये. मूळ बोल्ट सैल केल्यावर तो हाताने सहज फिरत बाहेर आला, तर आधार नेमका आहे असे समजावे. तो घासत किंवा अडत निघत असेल, तर जॅक किंचित वर-खाली करावा. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच वेळी कधीही काढू नयेत. नवा बोल्ट आधी काही फेरे बोटांनीच फिरवावा; जोर लागल्यास लगेच मागे घ्यावा, कारण तिरपा शिरलेला बोल्ट पान्याने दामटला की आटे गेलेच. किटमध्ये सांगितले असल्यास निळे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) लावावे आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, किटच्या पत्रकातील आकड्याइतकेच आवळावे. अंदाजाने आवळणे इथे चालत नाही. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ठोकळा फेअरिंग, केबल किंवा रेडिएटरच्या नळीला लागत नाही ना, हे पाहावे, आणि काही शंभर किलोमीटर चालवल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा.

गाडी एकदा घसरली की ठोकळा वरून बरा दिसला तरी बोल्ट काढून पाहिलाच पाहिजे. तो सपाट काचेवर घरंगळवला असता लटपटत असेल, तर वाकलेला आहे. तो सरळ करून परत वापरू नये. बोल्ट काढलेला असतानाच भोकाभोवतीचा भाग पुसून बॅटरीच्या तिरप्या प्रकाशात पाहावा. तिथे रंगात केसासारखी रेघ दिसली, तर नवा स्लायडर बसवण्याआधी फ्रेम जाणकाराकडून तपासून घ्यावी.