आखडलेल्या मान-खांद्यासाठी तुई ना: वीस मिनिटांची घरगुती पद्धत

तुई ना या हातांनी दाबून करायच्या चिनी उपचारात हाताची पारख चार गोष्टींवरून होते. हात बराच वेळ न थांबता चालला पाहिजे, त्यात जोर पाहिजे, जोर आणि वेग शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे आणि स्पर्श मऊ पाहिजे. हे चारही जमलं की दाब खोल उतरतो. घरी मान रगडणारे बहुतेक जण यातला फक्त जोर उचलतात. एकदम जोर लागला की खालचा स्नायू स्वतःला वाचवायला आणखी ताठर होतो, मग करणारा आणखी दाबतो, आणि दुसऱ्या दिवशी मान आधीपेक्षा जास्त धरते.

सुरुवातीलाच काही जणांना वगळायचं. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, ताप असेल, अचानक असह्य डोकेदुखी किंवा चक्कर असेल, छातीतली कळ खांद्याकडे जात असेल, तर आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ झालेल्यांना, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना आणि कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदरपणात खांद्यावरच्या आणि हातावरच्या काही बिंदूंवर, म्हणजे चिनी वैद्यकातल्या ठरावीक जागांवर, दाब देत नाहीत, त्यामुळे हा क्रम त्यांच्यासाठी नाही. जखम किंवा पुरळ असलेली जागा सोडून द्यावी.

जेवणानंतर तासभर जाऊ द्यावा. ज्याला करायचं त्याला खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून बसवावं. हात खुर्चीच्या पाठीवर आणि कपाळ हातांवर. मानेचा भार खुर्चीवर गेला नाही तर स्नायू सैल पडतच नाही. खांद्यावर पातळ सुती कापड टाकावं. तुई ना बऱ्याचदा कपड्यावरूनच करतात, कारण यात हात त्वचेवरून घासायचा नसतो. तेल लावलं तर हात घसरतो आणि दाब वरच्या वर राहतो. करणाऱ्याची नखं कापलेली असावीत आणि त्याने उभं राहूनच करावं.

पहिली दोन मिनिटं तळव्याने मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत सावकाश ढकलत जायचं. एवढ्याने कुठे घट्ट आहे ते हाताला कळतं.

नंतर गुन, म्हणजे हाताची मागची बाजू लोळवण्याची क्रिया. खरं काम हीच करते. शांघायच्या तिंग जीफेंग यांनी 1940च्या दशकात ती घडवली. त्यांच्या घराण्यात अंगठ्याच्या टोकाने करायची पद्धत होती. तिचा स्पर्श अगदी लहान जागेवर पडतो, म्हणून त्यांनी हाताची रुंद बाजू वापरली. बोटं सैल अर्धवट मिटायची. करंगळीच्या मुळाजवळची हाताची कड स्नायूवर टेकवायची. तिथून हाताच्या मागच्या बाजूवर, साधारण मधल्या बोटाच्या हाडापर्यंत लोळत जायचं आणि परत यायचं. गती कोपरापासून येते. हात पुढे वळतो तसं मनगट दुमडतं, मागे येताना उलगडतं. मिनिटाला 120 ते 160 वेळा हा वेग मानला जातो, पण शिकताना निम्म्या वेगाने करावं.

इथे तीन गोष्टी बिघडतात. हात लोळण्याऐवजी घसरतो, मग कातडी जळजळते. टेकलेली कड जागेवरून हलता कामा नये. बोटांच्या मुळांची हाडं आपटतात, कारण मूठ घट्ट वळलेली असते. आणि करणाऱ्याचा स्वतःचाच खांदा वर चढतो, मग दोन मिनिटांत हात भरून येतो. चीनमध्ये विद्यार्थी आधी वाळूच्या पिशवीवर हा हात बसवतात; घरी तांदळाची छोटी पिशवी चालते. प्रत्येक खांद्यावर चार-चार मिनिटं द्यावीत. मणक्याच्या हाडांवर आणि गळ्याच्या पुढच्या-बाजूच्या भागावर ही क्रिया करू नये.

आता मान पकडायची. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, केसांच्या रेषेपासून खाली. बोटं सरळ ठेवून त्यांच्या गादीने स्नायू उचलायचा आणि हळूहळू सोडायचा. बोटं वाकली की नखं रुततात. वरून खाली चार-पाच फेऱ्या पुरेत.

मग बिंदू. फेंगची डोक्याच्या मागच्या हाडाखाली, दोन जाड स्नायूंमधल्या खळग्यात असतो. अंगठा तिथे ठेवून दाब विरुद्ध बाजूच्या डोळ्याच्या दिशेने द्यायचा. ज्यानजिंग मानेच्या तळाशी उठून दिसणारं हाड आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये. वायक्वान मनगटाच्या मागच्या घडीपासून दोन अंगठे वर, दोन हाडांच्या मध्ये. माप ज्याला करायचं त्याच्याच अंगठ्याच्या रुंदीचं. प्रत्येक बिंदूवर तीन श्वासांत दाब वाढवायचा, तीन श्वास थांबायचं, मग सोडायचा. आतून जड, भरल्यासारखं, ठणकतं पण हवंसं दुखणं यावं. टोचलं, झटका बसला किंवा बोटांत मुंग्या गेल्या तर ती नस आहे. लगेच बाजूला व्हावं.

मान वळवून कडकन मोडणं पूर्णपणे टाळावं. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटू शकतं. मान हलवायची असेल तर त्या माणसाने स्वतः, सावकाश. शेवटी हात दोन तळव्यांत धरून खांद्यापासून मनगटापर्यंत चोळावा आणि मनगट धरून हलका ताण देत बारीक थरथरवावा.

चिनी वैद्यकाच्या मते वाहिन्यांतून फिरणारी ‘ची’ म्हणजे जीवनशक्ती अडली की दुखतं. अशा वाहिन्या शरीररचनेत वेगळ्या सापडत नाहीत, पण लयीतल्या दाबाने स्नायू सैल होतो आणि दुखणं काही काळ उतरतं, हे खरं. त्या वैद्यकातही तुई ना एकटी नसते. सुया, वनौषधी, आहार आणि ताईचीसारखे व्यायाम सोबत असतात. दुखणं उतरलेल्या काळात मान आणि खांदे रोज हलवले, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणली, झोप पुरी केली, तर फायदा टिकतो. नाहीतर आठवड्याभरात मान पुन्हा तशीच.

दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखणं चालतं. दोन दिवसांनंतरही राहिलं किंवा निळे डाग पडले तर जोर जास्त झाला. दोन वेळांच्या मध्ये किमान एक दिवस सोडावा. चार-पाच वेळा करूनही फरक नसेल तर थांबून तपासणी करून घ्यावी.