फ्रेंच भूतकाळ: ‘आव्वार’ की ‘एत्र’, आणि कृदंत कोणाप्रमाणे बदलायचे?

‘पासे कॉम्पोझे’ हा भूतकाळ शिकताना दोन प्रश्न हमखास अडवतात: सहायक क्रियापद ‘आव्वार’ (जवळ असणे) घ्यायचे की ‘एत्र’ (असणे), आणि त्यामागून येणारे भूतकालवाचक कृदंत लिंगवचनानुसार कधी बदलायचे. शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग घोकलेल्या मराठी वाचकाला यातला दुसरा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. बहुतेक क्रियापदे ‘आव्वार’ घेतात. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, जन्मणे, मरणे, पडणे अशी मोजकी अकर्मक क्रियापदे आणि सर्व आत्मवाचक (क्रिया कर्त्याकडेच किंवा एकमेकांकडे वळणारी) क्रियापदे ‘एत्र’ घेतात. ‘गतिवाचक असेल तर एत्र’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम मात्र फसवा आहे, कारण धावणे आणि चालणे यांना ‘आव्वार’च लागते (‘जे मार्शे’, मी चाललो), तर जागेवरच थांबणे या अर्थाचे ‘रेस्ते’ ‘एत्र’ घेते. त्यामुळे यादी पाठ करण्याला पर्याय नाही. त्या यादीतील ‘मोंते’सारखी काही क्रियापदे कर्म जोडले की बाजू बदलतात: ‘एल ए मोंते’ म्हणजे ती वर गेली, पण ‘एल आ मोंते ला वालीझ’ म्हणजे तिने बॅग वर नेली (‘ए’ हे ‘एत्र’चे रूप, ‘आ’ हे ‘आव्वार’चे). अशा जोड्यांत मराठी कर्त्याला ‘ने’ लागतो का, हे पाहिले तरी बऱ्याचदा उत्तर मिळते.

आता कृदंताकडे वळू. ‘एत्र’ असताना साधारणपणे कर्तरी प्रयोगासारखे चालते: ‘ती निघाली’ यासाठी ‘एल ए पार्ती’ लिहिताना ‘पार्ती’च्या शेवटी रोमन ‘ई’ वाढतो, जरी तो ऐकू येत नसला तरी. ‘आव्वार’ असताना कृदंत कर्त्याकडे पाहतच नाही. ते प्रत्यक्ष कर्माप्रमाणे बदलते, आणि तेही कर्म आधी येऊन गेले असेल तरच. ‘एल आ एक्री ले लेत्र’ (तिने पत्रे लिहिली) यात पत्रे नंतर येतात, म्हणून ‘एक्री’ तसेच राहते. ‘ले लेत्र केल आ एक्रीत’ (तिने लिहिलेली पत्रे) यात ती आधी आली, म्हणून स्त्रीलिंगी अनेकवचन होते आणि शेवटचा ‘त’ उच्चारातही उमटतो. मराठी कर्मणी प्रयोगात कर्म कुठेही असले तरी चालते. फ्रेंचला ही जागेची अट आहे. १६व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत ती पद्यात मांडली, आणि फ्रेंच मुले आजही तिच्यापुढे अडखळतात.

खरा घोटाळा भावे प्रयोगापाशी होतो. ‘त्याने त्यांना पाहिले’ आणि ‘तो त्यांच्याशी बोलला’ या दोन्ही वाक्यांत मराठी क्रियापद ‘त्यां’च्या लिंगवचनाकडे ढुंकूनही पाहत नाही, पण फ्रेंचमध्ये या दोन वाक्यांची वागणूक वेगळी आहे. ‘व्वार’ (पाहणे) या क्रियापदाला थेट कर्म लागते, म्हणून ‘इल लेझा वू’ लिहिताना ‘त्या’ स्त्रिया असतील तर ‘वू’पुढे ‘ई’ आणि ‘एस’ दोन्ही जोडावे लागतात. ‘पार्ले’ (बोलणे) मात्र ‘आ’ या शब्दयोगी अव्ययामार्फत जोडले जाते, म्हणून ‘इल लर आ पार्ले’ यात काहीच बदल होत नाही (इथे दिसणारा ‘आ’ मात्र ‘आव्वार’चा; शब्दयोगी ‘आ’ ‘लर’, म्हणजे ‘त्यांच्याशी’, यातच सामावला आहे). यासाठी नवे क्रियापद शिकताना ते ‘आ’ घेते की नाही, हे त्याच्याबरोबरच वहीत लिहून ठेवावे. मराठीतील ‘ला’वरून ते ओळखू जाल तर निम्म्या वेळा चुकाल.

आत्मवाचक क्रियापदे ‘एत्र’ घेत असली तरी त्यांनाही हीच कर्माची कसोटी लावावी. ‘एल से लावे’ (तिने अंग धुतले) यात कर्म ती स्वतःच आहे आणि ते आधी आले आहे, म्हणून ‘ई’ वाढतो. ‘एल से लावे ले मँ’ (तिने हात धुतले) यात कर्म म्हणजे हात, आणि ते नंतर आले, म्हणून वाढत नाही. उच्चार दोन्हीकडे एकच, तेव्हा चूक कागदावरच पकडली जाते. ‘त्या एकमेकींशी बोलल्या’ यासाठी ‘एल स सों पार्ले’ लिहिताना अनेक जण सवयीने ‘ई’ आणि ‘एस’ लावतात. ‘पार्ले’ला ‘आ’ लागतो हे आठवले की ते खोडावे लागतात.