अमेरिकेत स्थलांतराची नियमित कागदपत्रे नसताना वाहन परवाना कसा काढावा

अमेरिकेत वाहन चालवण्याचा परवाना केंद्र सरकार देत नाही, तो ज्या त्या राज्याचे मोटार वाहन खाते देते. त्यामुळे व्हिसाची मुदत संपून गेलेल्या, किंवा व्हिसाच नसलेल्या रहिवाशाला एका राज्यात रीतसर परवाना मिळतो आणि दुसऱ्या राज्यात त्याला अर्जही करता येत नाही. आज 19 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. येथे असा परवाना मिळतो. वॉशिंग्टन राज्यात 1993 पासून ही सोय आहे. कॅलिफोर्नियात ती 2015 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये 2019 अखेर, न्यू जर्सीत 2021 मध्ये, तर मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटात 2023 मध्ये सुरू झाली. नावे निरनिराळी आहेत. कॅलिफोर्नियात त्याला एबी 60 परवाना म्हणतात, युटामध्ये ड्रायव्हिंग प्रिव्हिलेज कार्ड, आणि न्यूयॉर्कमध्ये तो साधा स्टँडर्ड परवानाच असतो. आपल्या राज्यातील नेमके नाव आधी समजून घ्यावे, कारण खात्याच्या संकेतस्थळावर त्याच नावाखाली कागदपत्रांची यादी असते.

परवान्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आपण कोण आहोत, आणि आपण त्या राज्यात राहतो. पहिलीसाठी मुदतीतला भारतीय पासपोर्ट हा सर्वांत भक्कम आधार आहे. तो संपत आला असेल तर परवान्याच्या अर्जाआधीच त्याच्या नूतनीकरणाच्या मागे लागावे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत प्रत्येक कागदाला गुण असतात आणि एकूण 6 गुण जमवावे लागतात, तर मॅसॅच्युसेट्समध्ये पासपोर्टच्या जोडीला जन्मदाखला किंवा भारतातील वाहन परवान्यासारखा दुसरा पुरावा द्यावा लागतो. राहण्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार, विजेचे बिल, बँकेचे पत्रक असे कागद चालतात. मेरीलँड, डेलावेअर आणि व्हर्जिनियात प्राप्तिकराचे विवरण भरल्याचा पुरावाही मागितला जातो. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार व्यक्तीला देते तो कायमचा ओळख क्रमांक) नसलेल्यांनी त्यासाठी कर खात्याचा डब्ल्यू-7 अर्ज भरून आयटिन, म्हणजे केवळ कर भरण्यासाठीचा क्रमांक, घ्यावा आणि हे काम बरेच आधी हाती घ्यावे.

मराठी माणसाची गाडी बहुधा नावापाशी अडते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, भाडेकरारावर ते गळलेले असते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव असते. खिडकीमागचा कर्मचारी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. आपली नावाची पद्धत त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून भाडेकरार आणि बिले पासपोर्टवरील पूर्ण नावाने करून घ्यावीत, विवाहाचा दाखला सोबत ठेवावा, आणि जुना दाखला केवळ मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून न्यावे.

याहून नाजूक बाब सोशल सिक्युरिटी नंबरची आहे. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये, असा नंबर आपल्याला कधी मिळालेलाच नाही, असे लिहून देण्याची सोय आहे. परंतु जो एके काळी एच-1बी व्हिसावर नोकरी करत होता, त्याला नंबर मिळालेला असतो आणि व्हिसा गेला तरी तो नंबर आयुष्यभर त्याचाच राहतो. अशा व्यक्तीने नंबर नसल्याच्या कागदावर सही केली तर ते खोटे निवेदन ठरते. त्याने खरा नंबरच द्यावा. त्याचप्रमाणे अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न आल्यास स्पष्ट नकार द्यावा. नागरिक नसताना नागरिक असल्याचे सांगणे, मग ते घाईत चुकीच्या चौकटीत खूण करून का होईना, पुढे ग्रीन कार्डाचा मार्ग कायमचा बंद करू शकते. इंग्रजी वाचताना अडखळत असाल तर जाणकार माणसाला सोबत न्यावे. यात संकोचाचे काहीच कारण नाही.

परीक्षा सर्वांना सारखीच असते. लेखी परीक्षेत न्यूयॉर्कमध्ये 20 पैकी 14, मॅसॅच्युसेट्समध्ये 25 पैकी 18, तर न्यू जर्सीत 50 पैकी 40 उत्तरे बरोबर यावी लागतात. मग दृष्टितपासणी आणि प्रत्यक्ष वाहन चालवण्याची चाचणी होते. भारतात वीस वर्षे गाडी चालवलेल्यांनीही उजव्या बाजूने चालवण्याचा आणि स्टॉप फलकापाशी चाके पूर्ण थांबवण्याचा सराव केल्याशिवाय चाचणीला जाऊ नये.

अर्ज करण्याआधी एका गोष्टीचा शांतपणे विचार करावा. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय अर्जदाराने खात्याला दिलेली माहिती स्थलांतर यंत्रणेला देता येत नाही, पण सगळ्या राज्यांत इतके संरक्षण नाही. ज्यांच्यावर पूर्वी देशाबाहेर काढण्याचा आदेश निघाला आहे किंवा फौजदारी खटला झाला आहे, त्यांनी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारल्याखेरीज अर्ज करू नये. माझ्या मते वकिलाची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

हातात आलेला परवाना गाडी चालवण्यापुरता आहे. त्याने व्हिसा मिळत नाही, नोकरीचा हक्क मिळत नाही, आणि तो रिअल आयडी (केंद्र सरकारच्या निकषांनुसार दिलेले ओळखपत्र) नसल्यामुळे 7 मे 2025 पासून विमानतळावरील तपासणीत पुरेसे ओळखपत्र मानला जात नाही. दुसऱ्या राज्यात गाडी नेण्याआधी तिथला नियमही पाहावा. फ्लोरिडाने 2023 मध्ये इतर राज्यांनी केवळ अशा रहिवाशांसाठी काढलेले काही प्रकारचे परवाने अमान्य ठरवले. गाडीचा विमा परवान्यावरील नावानेच घ्यावा, आणि घर बदलल्यास मुदतीत खात्याला कळवावे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात ही मुदत 10 दिवसांची आहे.